अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर : गळती, अरुंदपणा आणि रोगाचे परतणे

हे टिपण वैद्यकीय विषयावरचे आहे आणि लिहिणारा अभियांत्रिकी महाविद्यालयातला शिक्षक आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. बायोमेडिकल हा ऐच्छिक विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नळ्या, झडपा, दाब आणि प्रवाह शिकवतो. शरीरातल्या नळ्यांपैकी अन्ननलिका दिसायला अगदी साधी, पण कापून पुन्हा जोडायला फार अवघड. तिच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाला पुढे काय काय होऊ शकते, त्यातले काय दुरुस्त होते आणि रोग परत आला आहे हे कसे ओळखतात, एवढेच आपण येथे पाहणार आहोत. उपचार ठरवणे हे डॉक्टरांचे काम. पण त्यामागचा विचार कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला समजण्यासारखा आहे. घरात असा रुग्ण असेल, तर तो समजून घेण्याची गरजही पडते.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू झाले. या दोन आकड्यांतले अंतर किती थोडे आहे ते पाहा. आपल्या देशात ईशान्य भारत, विशेषतः मेघालयातील पूर्व खासी टेकड्यांचा जिल्हा आणि आसाम, तसेच काश्मीर या भागांत हा रोग जास्त आढळतो. तंबाखू, सुपारी आणि दारू ही त्याची मुख्य कारणे. भारतात बहुतेक रुग्णांत हा रोग नळीच्या आतल्या सपाट पेशींच्या अस्तरात सुरू होतो. पाश्चात्त्य देशांत नळीच्या खालच्या टोकाशी ग्रंथीच्या पेशींपासून होणारा प्रकार अधिक.

पुढचे वाचताना एक गोष्ट मनात धरून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी आलेला ताप, तिसऱ्या महिन्यात अडकणारा घास आणि चौदाव्या महिन्यात अडकणारा घास यांचे अर्थ वेगवेगळे असतात. म्हणून रुग्ण कोणतेही लक्षण घेऊन आला, की डॉक्टर आधी विचारतात, ‘ऑपरेशन कधी झाले?’

प्लॅस्टिकची नळी का बसवत नाहीत?

प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. दुर्बिणीने तपासणारे डॉक्टर अंतर पुढच्या दातांपासून मोजतात. त्या मोजपट्टीवर ती सुमारे १५ सेंटीमीटरला सुरू होते आणि ४० सेंटीमीटरच्या आसपास जठराला मिळते. वाटेत तिला श्वासनलिका, महाधमनी आणि हृदयाची मागची बाजू खेटून असते. पोटातल्या आतड्यांवर जे गुळगुळीत बाहेरचे आवरण असते ते छातीतल्या अन्ननलिकेवर नसते. त्यामुळे टाके धरायला एक मजबूत थर कमी पडतो, आणि रोगाला शेजारी पसरायला आडकाठीही कमी.

वर्गात हमखास येणारा प्रश्न असा : हृदयाची झडप कृत्रिम मिळते, गुडघ्याचा सांधा मिळतो, रक्तवाहिनीच्या जागी कापडी नळी बसवतात, मग येथे एखादी नळी का बसवत नाहीत? प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर इतिहासात आहे. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रांझ टोरेक या शल्यचिकित्सकाने एका ६७ वर्षांच्या स्त्रीची कर्करोगग्रस्त अन्ननलिका छातीतून काढली. छातीत जोड देण्याचे धाडस त्याने केले नाही. नळीचे वरचे टोक त्वचेतून बाहेर काढले, पोटावर जठराला एक भोक ठेवले आणि दोन्हींच्या मध्ये शरीराबाहेरून रबरी नळी लावली. ती बाई तोंडाने जेवायची आणि अन्न रबरी नळीतून जठरात उतरायचे. अशा अवस्थेत ती बारा-तेरा वर्षे जगली. अभियंत्याच्या भाषेत याला बायपास लाइन म्हणता येईल.

ही नळी शरीराच्या आत का चालत नाही, हे उरलेले अर्धे उत्तर. रक्तवाहिनीतले रक्त निर्जंतुक असते, लाळ तशी नसते. जिवंत ऊती आणि प्लॅस्टिक यांच्यामधली फट कधी पुरती बुजत नाही, आणि त्या फटीतून जंतूंनी भरलेली लाळ छातीच्या पोकळीत झिरपते. शिवाय अन्ननलिका घास नुसता वाहून नेत नाही, स्नायूंच्या लाटेने ढकलते. म्हणून पर्यायी नळी जिवंत ऊतीचीच लागते, आणि जवळचा उमेदवार म्हणजे जठर.

आज बहुतेक ठिकाणी जठराची एक बाजू स्टेपलरने कापून साधारण ४ ते ५ सेंटीमीटर रुंदीची लांब नळी तयार करतात, ती छातीतून वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. जोड छातीत असेल तर ती आयव्हर लुईस पद्धत (१९४६), मानेत असेल तर मॅककिऑन पद्धत (१९७६). छाती न उघडता पोटातून आणि मानेतून करण्याचीही एक पद्धत आहे. कोणती निवडायची हे गाठ किती उंचीवर आहे यावर आणि त्या रुग्णालयाच्या अनुभवावर ठरते.

जोड कुठे कमकुवत असतो

जठराला चारी बाजूंनी रक्त मिळते. त्याची नळी करून वर न्यायची तर यातल्या बहुतेक रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. मुख्यतः एकच धमनी शिल्लक ठेवतात, ती जठराच्या मोठ्या वळणाच्या उजव्या बाजूने चढते. ती नळीच्या टोकापर्यंत पोचत नाही. शेवटच्या काही सेंटीमीटरला रक्त मिळते ते भिंतीतल्या बारीक जाळ्यातून, आणि नेमके तेच टोक वर जोडायचे असते. शेवटच्या गावाला पाणीपुरवठा योजनेचे पाणी जसे पोचते, तसा हा प्रकार. दाब असतो, पण जेमतेम.

रक्त पोचते आहे की नाही हे पाहण्यासाठी आता इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देतात आणि अवरक्त प्रकाशात चमकणारा भाग कॅमेऱ्याने पाहतात. कुठपर्यंत चमक येते ते बघून जोडाची जागा ठरवता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे. चमक डोळ्यांना दिसते, पण तिचा वेग आणि तीव्रता आकड्यांत मांडून भाकीत करणे अजून पक्के झालेले नाही.

कारखान्यात पाइपलाइनचा जोड दिला की आपण पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो, आणि पहिल्या दिवशी टिकलेला जोड सहसा आठवड्याने फुटत नाही. शरीरात याच्या उलट घडते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जोड पक्का असतो, कारण तो टाक्यांनी किंवा स्टेपलच्या पिनांनी धरलेला असतो. पुढच्या काही दिवसांत कडांवरचे जुने कोलॅजन विरघळते आणि नवे अजून तयार झालेले नसते. या काळात जोडाची ताकद सर्वांत कमी असते. त्यात रक्त कमी पडले, तर भिंत मऊ होऊन उघडते. म्हणून गळती बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात उघड होते, रुग्ण सावरतोय असे घरच्यांना वाटू लागलेले असते तेव्हा.

गळती

२४ मोठ्या रुग्णालयांतील (१४ देशांतील) २७०४ शस्त्रक्रियांची एक नोंद प्रसिद्ध आहे. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांतली. तीत कोणती ना कोणती गुंतागुंत ५९ टक्के रुग्णांत झाली. जोडाची गळती ११.४ टक्के, जठराच्या नळीचा भाग मृत होणे १.३ टक्के. तीस दिवसांतील मृत्यू २.४ टक्के आणि नव्वद दिवसांतील ४.५ टक्के. ही अनुभवी केंद्रे होती, हे ध्यानात घ्या. शंभरातल्या साठ जणांना काहीतरी झाले आणि तरी नव्वद दिवसांनी पंचाण्णव जण जिवंत होते, याचा अर्थ झालेली गुंतागुंत तेथे वेळेवर पकडली गेली आणि निस्तरली गेली. माझ्या मते रुग्णालय निवडताना ‘तुमच्याकडे गळती होते का’ यापेक्षा ‘झाली तर रात्री दोन वाजता सीटी स्कॅन, दुर्बीण आणि अतिदक्षता विभाग मिळेल का’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे. वर्षाला अशा शस्त्रक्रिया जास्त करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

गळती ओळखायची कशी? जोड मानेत असेल तर जखम लाल होते, सुजते, दाबल्यावर लाळ किंवा पू येतो. हे तुलनेने बरे. टाके उघडून वाट करून दिली की बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते. मानेतल्या जोडाला गळती अधिक वेळा होते, पण ती जिवावर क्वचित बेतते. छातीतला जोड गळला तर जंतू हृदय आणि फुप्फुसांच्या मधल्या जागेत जातात. बाहेरून काहीच दिसत नाही. नाडी वाढते, श्वास वाढतो, ताप येतो, रक्तातला सीआरपी उतरायचा थांबून पुन्हा चढतो. कधी हृदयाचे ठोके अचानक अनियमित होतात आणि तीच पहिली खूण असते. अशा वेळी नुसते हृदयाचे औषध देऊन न थांबता ‘जोड ठीक आहे ना?’ हे पाहावे लागते. तोंडाने औषध पाजून केलेला सीटी स्कॅन आणि दुर्बीण यांनी उत्तर मिळते. अनुभवी हातांनी केलेली दुर्बीण जोडाला इजा करत नाही. त्या भीतीने तपासणी लांबवणे जास्त महागात पडते.

जगभरचे शल्यचिकित्सक आता गळतीचे तीन प्रकार करतात, आणि वर्गीकरणाचा आधार उपचार हा आहे. आहार बंद ठेवून आणि औषधांनी भागले तर पहिला. दुर्बिणीने, क्ष-किरणांच्या मदतीने नळी घालून किंवा खाटेवरच जखम उघडून काही करावे लागले तर दुसरा. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर तिसरा. भोकाचा व्यास मोजत बसण्यापेक्षा ही पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण मिलिमीटरभर भोकानेही माणूस गंभीर होऊ शकतो.

उपचाराचा गाभा सोपा आहे. बाहेर साचलेले काढून टाका, भोकावरून लाळ जाणार नाही असे पाहा, आणि भोकाच्या पुढे अन्न पोचवा. शस्त्रक्रियेच्या वेळीच अनेकदा पोटातून लहान आतड्यात एक बारीक आहारनळी घालून ठेवतात, ती येथे कामाला येते. भोक झाकण्यासाठी दोन साधने आहेत. एक, निटिनॉलच्या जाळीचा, आवरण असलेला स्टेंट. तो आतून फुलतो आणि भोक झाकतो. काही आठवड्यांनी काढतात. त्याची मोठी अडचण घसरण्याची. वर अन्ननलिका अरुंद, खाली जठराची नळी रुंद, मग खालचे टोक भिंतीला धरणार कसे? दुसरे साधन म्हणजे पोकळीत ठेवलेला स्पंज. नाकातून जाणाऱ्या नळीला तो बांधलेला असतो आणि यंत्राने बहुधा उणे १२५ मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १७ किलोपास्कल इतका ऋण दाब देतात. घाण सतत ओढली जाते, पोकळी आक्रसते, नवी ऊती वाढते. दर तीन ते पाच दिवसांनी दुर्बिणीने स्पंज बदलावा लागतो. रुग्णाला हे कंटाळवाणे आणि खर्चिक होते, पण आत साचलेल्या पोकळीवर स्टेंटपेक्षा ते अनेकदा चांगले काम करते. नळीचा मोठा भागच मृत झाला असेल तर मात्र पुन्हा शस्त्रक्रिया करून तो काढण्यावाचून इलाज नसतो. मग मानेवर तोंड काढून ठेवतात आणि काही महिन्यांनी मोठ्या आतड्याचा तुकडा वापरून नवी वाट तयार करतात.

जोडाबाहेरच्या अडचणी

सर्वांत जास्त त्रास जोडापेक्षा फुप्फुसे देतात. वरच्या नोंदीत न्यूमोनिया १४.६ टक्के होता. छाती उघडल्याची वेदना, उथळ श्वास, खोकला काढता न येणे आणि बऱ्याच रुग्णांचे वर्षानुवर्षांचे धूम्रपान, हे सगळे एकत्र येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसांचा संसर्ग ९ टक्के रुग्णांत, तर उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्क्यांत झाला. रुग्ण ११५ च होते, तरी फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. रुग्णाच्या हातात दिलेले तीन चेंडूंचे स्पायरोमीटर खेळणे समजू नका. नातेवाइकांना करता येण्यासारखे सर्वांत उपयोगी काम म्हणजे त्याला उठवून बसवणे, चालवणे आणि ते चेंडू उचलायला लावणे.

अन्ननलिकेच्या शेजारून शरीरातली मुख्य लसिकावाहिनी जाते. तिला इजा झाली तर आहार सुरू झाल्यावर छातीतल्या नळीतून दुधासारखा पांढरा द्रव येऊ लागतो. आतड्यातून शोषलेली चरबी याच वाहिनीतून जाते, म्हणून पांढरा. मध्यम लांबीच्या साखळीची मेदाम्ले मात्र यकृताकडे थेट रक्तातून जातात. त्यामुळे आहारातली चरबी त्या प्रकारची दिली की गळती बऱ्याचदा मंदावते. द्रव रोज लिटरभराने येत राहिला तर वाहिनी बांधावी लागते. अशा गळतीत प्रथिने आणि प्रतिकारपेशी वाहून जातात, रुग्ण झपाट्याने खंगतो.

स्वरयंत्राची चेताही याच परिसरात आहे. ती दुखावली तर आवाज बसतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. पुष्कळदा काही महिन्यांत सुधारते. तोवर हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, पाणी थोडे घट्ट करून देणे अशा युक्त्या गिळण्याचे प्रशिक्षण देणारे तज्ज्ञ शिकवतात.

घरी गेल्यावर

आता दाबाचा थोडा विचार करा. छातीत दाब वातावरणापेक्षा किंचित कमी, पोटात किंचित जास्त. निरोगी माणसात दोन्हींच्या सीमेवर अन्ननलिकेची झडप असते. शस्त्रक्रियेत ती झडप गेली आणि जठर स्वतःच छातीत आले. आडवे झाले की जठरातला रस आणि पित्त घशाकडे येणारच. औषधांनी आम्ल कमी करता येते, द्रव चढणे थांबवता येत नाही. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू कायमची उंच ठेवणे, जेवल्यावर दोन-तीन तास न झोपणे आणि रात्रीचे जेवण लवकर व हलके घेणे. नुसत्या उशा वाढवून मान वाकते, धड उंच होत नाही. खाटेच्या पायांखाली विटा ठेवणे किंवा पाचर असलेली गादी वापरणे चांगले.

जठराच्या चेताही कापल्या गेलेल्या असतात. खालचे दार नीट उघडले नाही तर अन्न साचते, पोट फुगल्यासारखे वाटते, उलटी होते. अशा वेळी दुर्बिणीतून फुगा घालून ते दार ताणतात. याच्या उलटही होते. गोड पातळ पदार्थ आतड्यात एकदम उतरतो आणि पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातील साखर खाली जाते. उसाचा रस, सरबत, खीर भरपेट पिणे म्हणूनच टाळतात. जेवण दिवसातून सहा-सात वेळा, थोडे थोडे, आणि पाणी जेवणासोबत न पिता मध्ये. आपल्याकडे आजाऱ्याला आग्रहाने वाढण्याची पद्धत आहे. येथे तो आग्रह त्रास देतो.

पहिल्या सहा महिन्यांत मूळ वजनाच्या दहा टक्के किंवा जास्त घट होणे नेहमीचे आहे. त्यामुळे दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवावे. हळूहळू उतरून स्थिरावलेले वजन आणि स्थिरावून पुन्हा उतरू लागलेले वजन, या दोन आलेखांचा अर्थ वेगळा आहे. लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी अधूनमधून करावी लागते.

अरुंद झालेला जोड

घास अडकणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. जोड भरताना व्रणऊती आक्रसते आणि तोंड लहान होते. ज्यांना गळती झाली होती त्यांच्यात हे अधिक.

द्रवयांत्रिकी शिकलेला विद्यार्थी येथे लगेच त्रिज्येच्या चौथ्या घाताचे सूत्र काढतो. पाण्यासाठी ते ठीक. पोळीचा घास हा द्रव नव्हे. घनपदार्थासाठी हा दाराच्या मापाचा प्रश्न आहे : घास दारापेक्षा मोठा असेल तर अडकतो, लहान असेल तर जातो. साधारण १३ मिलिमीटरपेक्षा तोंड लहान झाले की घन अन्न हमखास अडकू लागते. म्हणून रुग्ण आधी भाकरी सोडतो, मग भात कालवून खातो, मग पेजेवर येतो, आणि ‘आता खाणे जमते’ असे सांगतो. खाणे जमत नसते, त्याने खाण्याचा पदार्थ बदललेला असतो. फेरतपासणीला ‘जेवता का?’ यापेक्षा ‘काल दुपारी काय काय खाल्ले?’ असे विचारावे ते यासाठी.

उपाय म्हणजे फुग्याने किंवा वाढत्या जाडीच्या सळ्यांनी ताणणे. जुना नियम असा, की अडथळा जाणवू लागल्यावर एका बैठकीत एकेक मिलिमीटरच्या तीन पायऱ्यांपलीकडे जाऊ नये. भिंत फाटण्याचा धोका म्हणून ही सबुरी. बहुतेकांना काही बैठका लागतात. दर दोन आठवड्यांनी ताणूनही पाच बैठकांत १४ मिलिमीटर गाठता आले नाही तर तो हट्टी अरुंदपणा समजतात, आणि मग व्रणात स्टिरॉइडचे इंजेक्शन, विजेच्या सुरीने छेद किंवा तात्पुरता स्टेंट यांचा विचार होतो. वारंवार ताणावे लागणे म्हणजे कर्करोग परतला असे नव्हे. भीतीने बैठका टाळणारे रुग्ण उपाशी राहून खंगतात, ते अनाठायी आहे.

रोग परत येतो तेव्हा

विश्वसनीयता शिकताना आपण बिघाडाच्या दराचा टबासारखा आलेख काढतो : सुरुवातीला जास्त, मध्ये सपाट, शेवटी झिजेमुळे पुन्हा वर. रोग परतण्याचा आलेख तसा नाही. बहुतेक पुनरुद्भव पहिल्या दोन वर्षांत दिसतात आणि पुढे दर उतरत जातो. पाच वर्षांनंतर तो फार कमी असतो, शून्य नसतो.

परतण्याच्या जागा तीन. जोडाच्या जवळ, शेजारच्या मान-छाती-पोटातील लसिका गाठींत, किंवा दूर यकृत, फुप्फुसे, हाडे, क्वचित मेंदू येथे. आता तारखेचा मुद्दा लावून पाहा. तिसऱ्या महिन्यात अरुंद झालेला जोड बहुधा व्रणामुळे असतो. वर्षभर नीट जेवणाऱ्याला नव्याने घास अडकू लागला तर तो व्रण आहे असे गृहीत धरता येत नाही. ताणण्याआधी तुकडा काढून तपासावा लागतो, आणि सीटी किंवा पेट स्कॅनही, कारण बाहेरून गाठी दाबत असतील तर आतले अस्तर निरोगी दिसते. शस्त्रक्रियेनंतर लगेच बसलेला आवाज चेतेच्या इजेमुळे, पण बरा होऊन दहा महिन्यांनी पुन्हा बसलेला आवाज चेतेवर दाबणाऱ्या गाठीमुळे असू शकतो. नवी पाठदुखी, हाडांचे दुखणे, विनाकारण उतरणारे वजन, मानेतली गाठ, यांपैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

लक्षणे नसताना वारंवार स्कॅन केल्याने आयुष्य वाढते हे स्पष्ट सिद्ध झालेले नाही, म्हणून वेळापत्रके रुग्णालयागणिक वेगळी असतात. साधारणपणे पहिली दोन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी ते वर्षाने भेट असते. गुवाहाटी किंवा शिलाँगचा रुग्ण मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतो आणि घरी परततो, असे पुष्कळदा घडते. पुढची दुर्बीण दुसऱ्याच शहरात दुसराच डॉक्टर करतो. त्याच्यासाठी शस्त्रक्रियेचा अहवाल, गाठीच्या तपासणीचा अहवाल, किती मात्रेचे रेडिएशन कोणत्या भागाला दिले त्याची नोंद आणि जोड दातांपासून किती सेंटीमीटरवर आहे हा आकडा, एवढे कागद रुग्णाजवळ हवेत. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

रोग परतू नये यासाठी सर्वांत मोठे काम शस्त्रक्रियेच्या आधी होते. नेदरलँड्समधील क्रॉस चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी किमो आणि २३ बैठकांत ४१.४ ग्रे रेडिएशन दिल्यावर गाठ कडांपर्यंत पूर्ण निघण्याचे प्रमाण ६९ वरून ९२ टक्क्यांवर गेले, आणि दहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण २५ ऐवजी ३८ टक्के होते. एवढे उपचार होऊनही काढलेल्या नमुन्यात जिवंत कर्करोग उरलेला दिसला, तर वर्षभर निव्होलुमॅब देता येते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे रोगमुक्त काळाचा मध्य ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला. रोगमुक्त काळ आणि एकूण आयुष्य ही दोन वेगळी मापे आहेत. औषध अतिशय महाग आहे, त्यामुळे कुटुंबाने हा फरक डॉक्टरांकडून नीट समजावून घ्यावा.

परतलेला रोग एकाच ठिकाणी असेल आणि तेथे पूर्वी रेडिएशन दिलेले नसेल, तर किमो-रेडिएशनने तो दीर्घकाळ आटोक्यात राहू शकतो. एकटी गाठ क्वचित काढताही येते. पूर्वी पूर्ण मात्रा दिलेल्या जागी पुन्हा रेडिएशन देताना श्वासनलिका आणि महाधमनी यांना भोक पडण्याची भीती असते, म्हणून हात आखडता घेतात. रोग अनेक ठिकाणी असेल तर किमो आणि इम्युनोथेरपी. तेव्हा उद्देश रोग समूळ काढण्याचा नसतो, काळ वाढवण्याचा आणि तो बरा जावा याचा असतो. वेदना आणि गिळणे सांभाळणारा शुश्रूषा विभाग याच टप्प्यावर सोबत घ्यावा, अखेरच्या आठवड्यात नव्हे. तोंडाने घेण्याचे मॉर्फिन योग्य मात्रेत सुरक्षित असते, आणि ते दिले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असा अर्थ होत नाही.

गिळण्याचा मार्गच बंद होत असेल तर स्टेंट आठवडाभरात आराम देतो. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या गाठींवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत स्टेंटने आराम लवकर दिला, पण नळीच्या आतून एकदाच दिलेल्या १२ ग्रे रेडिएशनने तो जास्त काळ टिकला. म्हणजे थोडे दिवस उरले असतील तर स्टेंट, काही महिने हाताशी असतील आणि त्या जागी आधी जास्त रेडिएशन झालेले नसेल तर दुसरा पर्याय. प्रत्येक घोटाला जोराचा खोकला येऊ लागला तर श्वासनलिकेत वाट पडल्याचा संशय धरून तोंडाने देणे थांबवावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे आवरण असलेला स्टेंटच लागतो. स्टेंट बसल्यावर पोळीचे मोठे तुकडे, पालेभाज्यांचे धागे, मांसाचे तुकडे टाळायचे, जेवताना ताठ बसायचे आणि जेवण झाल्यावर कोमट पाण्याचे दोन-चार घोट घेऊन जाळी धुऊन काढायची.